मधल्या खुर्चीवरचा माणूस

"सत्याला जगातली कोणतीही फौज अडवू शकत नाही!" काकांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि काका फ्रिजच्या मागे गेले.

तिथे ते मावत नव्हते. पोट बाहेर राहत होतं.

"पोरी, बघ कोण आहे," पोटामागून कुजबुज आली. "आणि मी नाही म्हणून सांग."

पुतणी उठली. दारावर बाहेरून 'शिवण क्लास' अशी पाटी होती. आत शिवणयंत्र एकही नव्हतं. दोन कॉम्प्युटर होते आणि भिंतभर फौजेचे फोटो. माणसं कुठून उचलली गेली, त्या वेळी तिथे कोणती पलटण होती आणि पलटणीचा प्रमुख कोण होता, हे काका-पुतणी शोधून काढत आणि इंटरनेटवर नावानिशी मांडत. साधनं घरगुतीच. शिपाई हौशी असतात. लग्न, बढती, बदली, सगळ्याचे फोटो स्वतःच टाकतात. त्यात दंडावरचा बिल्ला पाहायचा, मागची इमारत पाहायची आणि कान पाहायचे. माणूस मिशी काढतो, केस रंगवतो. कानांचं त्याला काही करता येत नाही.

तिने दारातल्या भिंगातून पाहिलं. बाहेर एक म्हातारा होता. भिंगातून त्याचं नाक भोपळ्याएवढं दिसत होतं. मग त्याने जिन्याकडे मान वळवली आणि कान समोर आला. वरून टोकदार, पाळी गालाला चिकटलेली.

तो कान तिने लगेच ओळखला. सिमेंटच्या ज्या गोदामात नेलेली माणसं परत आली नव्हती, त्या गोदामावरच्या पलटणीचा फोटो तिने गेल्याच आठवड्यात प्रसिद्ध केला होता. मधल्या खुर्चीवर बसलेल्याचं नाव प्रमुख म्हणून दिलं होतं. हा कान त्याच फोटोत होता, डाव्या टोकाला. त्याचं नाव काही केल्या सापडलं नव्हतं. आता कान स्वतःच जिना चढून आला होता.

"उघडा," म्हातारा बाहेरून म्हणाला. "दोघंही आत आहात. खाली गाडीत माझी माणसं बसलीत, त्यांनी पाहिलंय."

तिने उघडलं. न उघडलेल्या दारांचं काय होतं, हे तिला कामामुळे ठाऊक होतं.

म्हातारा आत आला, काकांच्या खुर्चीत बसला आणि भिंतीवरून नजर फिरवली. "वा! आमच्या मुख्यालयातसुद्धा इतकं टापटीप नव्हतं."

तिने पाणी दिलं. अर्धं बशीत सांडलं.

"हात कापतोय तुमचा."

"पंख्याचा वारा लागतोय," ती म्हणाली. पंखा बंद होता.

"आमचा पत्ता..." तिने विचारायला सुरुवात केली.

"पाटी लावलीत त्या दिवसापासून आहे आमच्याकडे. शिवण क्लासात एक बाई फिरकत नाही, हे फौजेला कळणार नाही होय?"

फ्रिजच्या मागून उचकी आली. म्हाताऱ्याने तिकडे पाहिलंही नाही. तो उठला, गोदामाच्या फोटोपाशी गेला आणि मधल्या खुर्चीवर बोट ठेवलं.

"याला प्रमुख कुणी केला?"

"मधे प्रमुखच बसतो," ती म्हणाली. "सगळ्या फोटोंत. खांद्यावरचं पुसट होतं, म्हणून..."

"निरोपाच्या फोटोत ज्याचा निरोप, तो मधे बसतो. मांडीवर फुलं दिसत नाहीत? हा मेजर, माझ्या हाताखालचा. गोदामाचं काम याला पटेना. माझ्याच्यानं होणार नाही म्हणाला. म्हटलं, बाबा रे, मग घरी बस. मधे बसवला, फोटो काढला, चहा पाजला, घालवून दिला. आणि तुम्ही, बाईसाहेब, गोदाम नेमकं त्याच्याच गळ्यात बांधलंत!"

तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"परवा त्याच्या घरावर दगड पडले म्हणे. नातवंडं पलंगाखाली झोपतात."

ते नाव तिनेच टाइप केलं होतं. दोनदा तपासूनही पाहिलं होतं. तिने टेबलाची कड धरली.

"मग गोदामात हुकूम कुणाचा होता?" प्रश्न तिच्या तोंडून निसटला.

"पोरी!" फ्रिज कळवळला.

"कुणाचा म्हणजे? माझा!" म्हातारा खरोखरच दुखावला गेला. "पलटण माझी, हुकूम माझा. एक मेजर माझी पलटण चालवत होता असं जगभर छापलंत तुम्ही. माझ्या बरोबरीचे लोक फोन करून हसतात मला. बसा, दुरुस्त करा. नाव सांगतो. हुद्दा कर्नल. 'निवृत्त' लावायचं नाही, तेव्हा नव्हतो."

ती बसली. बोटं भलत्याच अक्षरांवर पडत होती. तो मागे उभा राहून चुका दाखवत होता. त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता.

"हे छापलं तर," ती वळून न पाहता म्हणाली, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कुणाची?" त्याने खोलीभर पाहिलं, बाहेर राहिलेल्या पोटापर्यंत. "तुमची?"

मग तो दाराशी गेला. पण बाहेर पडला नाही. जिन्यात कोणी नाही ना, हे वाकून पाहिलं, दार लोटलं आणि आतून कडी घातली. काकांची उचकी थांबली. पुतणीने डोळे मिटून घेतले.

म्हातारा अगदी जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"त्या फोटोची आमच्याकडची प्रत वाळवीनं खाल्ली हो. एक काढून द्याल? जरा मोठी. रंगीत असली तर बरं."