ऐंशीचं हीव

काटा ऐंशीला टेकला आणि गाडीला पुन्हा हीव भरलं. स्टिअरिंग थरथरलं, आरसा थरथरला, आरशाला टांगलेलं लिंबू तर अंगात आल्यासारखं घुमायला लागलं. शेजारी बसलेली बायको, समीक्षा, खुदकन हसली.

"हसतेस काय गो?" सुजय करवादला. "रोह्याचं गिऱ्हाईक आज चावी घेऊन जाईल, मग बस रडत."

"मी कशाला रडू? रडणारं माणूस मागं बसलंय."

मागे सुजयची आई, हौसाबाई, पदराला नाक पुसत होती. जिते गाव सोडल्यापासून एकच पालुपद. "नको इकू रं. आधीच यंदा डुकरांनी बांधाकडचा वाल तुडवला, आता गाडी पन चालली. वरीसच खराब." गाडी घेतली तेव्हा हीच बाई म्हणाली होती, 'डबडं कशाला आनलंस?' आता अचानक एवढा पुळका का, हे सुजयला कळेना.

त्याला तरी विकायची हौस थोडीच होती! नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टा मारून घेतलेली पहिली गाडी. स्वतः कंपनीच्या बसने जायचा, पण गाडीला उन्हात ठेवायचा नाही. आणि दिवाळी झाली तशी ही थरथर लागली. साठपर्यंत गरीब गाय, ऐंशीला हा तमाशा. त्याने अलाइनमेंट केली. इंजिनाखालचे रबर बदलले. शेजारच्या पोपटदादाने दृष्ट काढायला सांगितली, तर लिंबूही टांगलं. मोबाइलवर बघून बघून निम्मा मेकॅनिक झाला. उपयोग शून्य! बरं, गाडीची निगा म्हणाल तर दृष्ट लागावी अशीच. तो कामावरून यायचा तेव्हा ती धुऊन लख्ख उभी असायची. फक्त सीट पुढे ओढलेली असायची आणि त्याचे गुडघे आपटायचे. समीक्षा बाजारात नेत असेल, असं म्हणून तो सीट मागे घ्यायचा.

पेण मागे पडलं तशी हौसाबाई पुढे वाकली. "सुज्या, आजारी जनावर बाजारात न्यायचं नाय. समोरच्याला फशिवल्यागत व्हतं. आधी कुटंतरी दाखव."

"दाखवून दाखवून दमलो, आये."

"शेवटचं. माझ्यासाठी."

वडखळच्या अलीकडे टायरवाल्या काळुरामचं दुकान लागलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बिरेक मारल्यावर थरथरते का?"

"नाय. नुसतीच. ऐंशी झाली की."

"मंग चाकातच हाय कायतरी." त्याने पुढचं चाक काढून आडवं टाकलं, आत डोकावला आणि बघतच राहिला. बाहेरून चकचकीत, पण रिमच्या आतल्या अंगाला, एकाच बाजूला, चिखल थापून बसलेला.

"एका बाजूला एवढं वजन! जोरात फिरलं की चाक उडनारच. दादा, गाडीनी नांगरता काय?"

"माझी गाडी? कधी डांबरावरनं खाली उतरवली नाय मी!"

काळुरामने पाना घालून खपली उचकटली. आतल्या चिखलातून टपोरा, मोड आलेला वाल त्याच्या तळहातावर पडला. "घ्या! रोज पानी पन मिळत हुतं वाटतं याला. चांगला बिरड्याजोगा झालाय."

समीक्षाने तोंडावर ओढणी दाबली, पण हसू काही दाबलं गेलं नाही. सुजयने वालाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं.

"आये... ती डुकरं?"

हौसाबाईने पदर खोचला. "व्हय रं बाबा, मीच ती! रस्त्यावर गाडी शिकली असती तं गाव हसलं असतं. सून म्हनली, आई, शेतात कोन बघतंय? पयल्याच दिवशी बिरेक गावला नाय, गेली गाडी वालात. मंग रोज घासून घासून धुतली. चाकाला आतून पन अंग असतं, हे मला काय ठाव!"

"पण सांगायचंस ना! विकायला निघालो तरी गप्प?"

"तुला सांगितलं असतं तं शिकू दिली असतीस?" तिचा आवाज एकदम चिरका झाला. "उद्या पेनला टेस्ट हाय माझी. गाडी इकलीस तं कशावर देऊ? बैलगाडीवर?"

सुजय काढलेल्या चाकावरच मटकन बसला. मग पोट धरून असा हसला की काळुरामने पाण्याचा तांब्या आणला. डोळे पुसत त्याने रोह्याला फोन लावला. "गाडी नाय विकायची, साहेब. घरात मालकीण निघाली."

चाकं साफ झाली, तोल साधायला वजनं ठोकली गेली. हौसाबाईने पिशवीतून लाल एल लिहिलेला कागद काढला, काचेला चिकटवला आणि हात पुढे केला. "चावी."

समीक्षा तिच्या शेजारी बसली. सीट पुढे ओढली गेली. चाळीस, साठ, ऐंशी. स्टिअरिंग हललं नाही, लिंबू शहाण्यासारखं लटकून राहिलं.

"सुज्या!" हौसाबाई आनंदाने ओरडली. "गाडीचं हीव गेलं रं!"

गेलं कुठलं? ते मागच्या सीटवर येऊन सुजयच्या अंगात भरलं होतं.