मोठ्या दीर्घिकेचा शेजार

शलाकाच्या खगोलशास्त्रातल्या पीएचडीच्या खुल्या व्हायवात पडद्यावर एक छोटी दीर्घिका होती, एका मोठ्या दीर्घिकेला खेटून. परीक्षकांनी विचारलं, "या शेजाराने छोटीच्या आत नेमकं काय बदललं?"

शलाका बोलायच्या आत तिचे गाईड देवस्थळी सर बोलून गेले, "आतला वायू मोठीने ओढून घेतला. नवे तारे जन्मायचे थांबले."

"सर, व्हायवा तिची आहे," परीक्षक हसत म्हणाले. मागच्या रांगाही हसल्या.

"सर म्हणतात तसंच आहे," शलाका खाली बघत म्हणाली.

देवस्थळींचे कान तापले. पहिल्या वर्षी हीच मुलगी भर सेमिनारमध्ये त्यांना थांबवून म्हणायची, "सर, मला नाही पटत." ते शेवटचं कधी ऐकलं, त्यांना आठवेना.

फोन आल्याचं निमित्त करून ते बाहेर गेले. आता तरी ती मोकळी बोलेल, असं वाटून अर्धवट उघड्या दारापाशी थांबले.

"समजा, हा शेजार सुटला," आत परीक्षक विचारत होते, "तर तारे पुन्हा जन्मतील?"

उत्तर देण्याआधी शलाकाने सवयीने देवस्थळींच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.