पाटे बदलले

काळाचौकीच्या दत्तू मेकॅनिककडे हितेंद्र आपला दोन अ‍ॅक्सलचा कॅम्पर ट्रेलर घेऊन आला. गाडीमागे ओढायचं छोटं घरच ते.

"जुने स्प्रिंगचे पाटे काढ आणि हवेच्या फुग्यांचं एअर सस्पेन्शन बसव. माझ्या बायकोच्या पाठीला धक्के सोसत नाहीत."

आठ दिवसांनी काम झालं. दत्तूने रिकामा ट्रेलर चारही चाकांवर बरोबर लेव्हलला आणला. हितेंद्र एकटाच न्यायला आलेला बघून तो म्हणाला, "वहिनींना आणायचं ना रे! आतल्या पलंगावर झोपवून हवा सेट केली असती."

"अंबिका मार्चमध्येच गेली. दोन वर्षं हेच काम करून घे म्हणत होती. मी आज-उद्या करत राहिलो."

हितेंद्रने ट्रेलरचं दार उघडलं आणि कुणाला तरी आधी चढू द्यावं, तसा बाजूला उभा राहिला. दोघेही खालीच होते. तरी ट्रेलरची पलंगाकडची बाजू हळूहळू दोन बोटं खाली बसली.

दत्तूने त्या बाजूला हवा भरली आणि आत न बघताच विचारलं,


"वहिनी, आता बरं वाटतंय?"