चार सोनेरी पट्ट्या

पनवेलच्या मॉलमधल्या वेशभूषा स्पर्धेसाठी फिजाने जुना कोट रंगवून गेममधल्या कप्तानाचा कोट केला होता. अंगभर गंजाचे, ग्रीसचे डाग. कप्तानाची खूण म्हणून बाह्यांवर रंगवलेल्या चार सोनेरी पट्ट्या अजून ओल्याच होत्या.

"अब्बा, नीट बघून घ्या. एकदा सीलर मारला की काही पुसता यायचं नाही."

अब्दुल्ला हसायलाच लागले. "बेटा, बावीस वर्षं जहाजावर काढली. कप्तानाच्या कोटावर एक डाग बघितला नाही कधी. तो नुसता हुकूम सोडतो. ग्रीस आम्हा खलाशांच्या अंगाला! कुणी जहाजवाला आला ना बघायला, तर लगेच पकडेल तुला."

"खरंच, चुकलंच माझं," म्हणत फिजाने ओलं फडकं उचललं.

तिने बाह्यांवरच्या पट्ट्या पुसून टाकल्या आणि डागांवर सीलर फिरवला.