धुऱ्याचा दगड

वावर धरणात बुडालं त्या दिवशी सारं गाव रडलं. एकट्या सोजराबाईनं पेढे वाटले. लोक म्हणाले, म्हातारी येडी झाली.

तिचे दोघे मुलगे, महादेव आणि समाधान, वावराच्या मधल्या धुऱ्यावरून, त्या हातभर बांधापायी, एकमेकांवर कुऱ्हाडी घेऊन धावायचे. वावर गेलं तसे हळूहळू बोलायला लागले. यंदा उन्हाळ्यात नातवंडांनी समुद्राचा हट्ट धरला. मलकापुरात समुद्र कुठून आणायचा? मग दोघा भावांनी सगळ्यांना डोंग्यात बसवलं आणि पाणी आटल्यानं धरणात उघड्या पडलेल्या बेटावर नेलं. सुनांनी दशम्या सोडल्या, लेकरं रेतीचा किल्ला करू लागली.

खोदता खोदता त्यांना एक उभा दगड लागला.

महादेवनं तो लगेच ओळखला. "हा तं आपल्या धुऱ्याचा दगड!"

"इथं नव्हता तो," समाधान म्हणाला. "तुनंच सरकवला होता."

"चोर कोणाले म्हणून राह्यला बे?"

"अवो, वावर सरकारचं हाये आता!" धाकटी सून किंचाळली. तोवर महादेवनं डोंग्याचं वल्हं समाधानच्या पाठीत घातलं होतं. समाधाननं तोच दगड उपसला आणि भावाच्या डोक्यात हाणला. किल्ला तुडवला गेला, त्याच्या खंदकात रक्त उतरलं.

सोजराबाईनं महादेवचं फुटलेलं डोकं मांडीवर घेतलं आणि धरणाच्या पाण्याकडे पाहून ती ओरडली,

"बुडवाचंच होतं, तं पुरतं काऊन नाही बुडवलं रे बाप्पा!"