रक्ताची माणसं

"गोळी मी माझ्या हाताने देते, डॉक्टरीणबाई. वर तोंड उघडायला लावून बघते. तरी ह्याचं कोलेस्टेरॉल खाली यायचं नाव घेत नाही!"

म्हातारी मुलाकडे बघत होती ती चोराकडे बघावं तशी. मुलगा बसचालक, अंगाने नुसता काटकुळा. तळलेलं बंद होऊन वर्ष उलटलं होतं.

"आई, सगळ्यांसमोर नको ना," तो पुटपुटला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बूट काढायला सांगितले. टाचेमागची शीर चिमटीत धरून पाहिली. जाडजूड होती, गाठाळलेली.

"ते वंशाचंच आहे," म्हातारी म्हणाली. "ह्याच्या वडिलांचंही अगदी असंच. कुठलाही बूट घासायचा."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "ते कशाने गेले?"

"शिडीवरून पडून. रंगारी होते. चाळिशीही गाठली नाही." तिचा आवाज कडक झाला. "खाली माझा दीर शिडी धरून होता. म्हणे धरून होता! लक्ष कुठे होतं कोण जाणे. त्या दिवसापासून त्याला उंबरा चढू दिला नाही मी."

"पडताना ओरडले का? काही धरायला हात टाकला का?"

"नाही. समोरच होते ना मी, खिडकीत. हूं की चूं नाही. पोतं कोसळावं तसे आले खाली."

"आणि शिडी?"

"शिडीचं काय? शिडी भिंतीलाच होती. दीर दोन्ही हातांनी तिला धरून..."

मुलाने बांधायला घेतलेली बुटाची नाडी सोडली आणि आईकडे पाहिलं. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलू लागल्या. दोष गोळीचा नाही, मुलाचाही नाही. काही घराण्यांत हे जादा कोलेस्टेरॉल रक्तातूनच येतं, टाचेमागच्या शिरेत असं साचतं, तरुणपणीच हृदयावर येतं; मग एका गोळीने भागत नाही. दुसरी जोडीला द्यावी लागते. "तुमच्या यजमानांचं आता खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही. पण आधी हृदय थांबलं असेल, आणि मग ते पडले असतील."

म्हातारीने टेबलाची कड घट्ट धरली. एवढ्या वर्षांचा राग कुठे ठेवायचा, तिला कळेना.

"रक्ताच्या सगळ्यांची तपासणी करायला हवी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ह्यांची मुलं. आणि वडिलांना भावंडं असतील तर तीही."

बाहेर येऊन ती बाकावर बसली. मग म्हणाली, "लाव फोन."

कुणाला, ते मुलाने विचारलं नाही. नंबर त्याला पाठ होता. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही. तिने फोन कानाला लावला.

"हॅलो... भाऊजी, मी बोलतेय."

"वहिनी?" दिराचा आवाज कापत होता. "कोण गेलं?"

"कोणी नाही, भाऊजी," ती म्हणाली. "अजून कोणी नाही. तुम्ही आधी घरी या."