एका परातीत

फौजदारानं कोठीच्या दाराखालच्या फटीत नाक घातलं. आतून मांजरीच्या पिल्लानं त्या नाकावर पंजा मारला. एवढा थोराड कुत्रा, पण मागं सरला, शिंकला आणि पुन्हा फटीपाशी येऊन बसला.

"भुंकला नाय," सारजाबाई म्हणाल्या. "आज सहावा दिवस. आता दार उघडायला हरकत नाय."

पडेगावच्या त्या घरात कुत्रे दोन. फौजदार आणि हवालदार. नावाला जागणारे. आजवर तीन बोके, एक मुंगूस आणि मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाची पँट, एवढं त्यांच्या नावावर होतं. अशा घरात सुनेनं मांजर आणलं. दवाखान्यातली ड्यूटी करून येताना दौलताबाद रोडला खोक्यात सापडलं, म्हणून पिशवीत घालून आणलं.

सून म्हणजे संध्या. बौद्ध घरातली. सारजाबाईंच्या मुलानं, इंद्रजीतनं, तिच्याशी कोर्टात लग्न केलं, तेव्हा भावकीनं कान टवकारले होते. पण सारजाबाईंनी आदळआपट केली नाही. भावकीला फुकटचा तमाशा दाखवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. फक्त पहिल्याच दिवशी त्यांनी एक कप काढून सुनेपुढं ठेवला. चिनी मातीचा, निळ्या फुलाचा. "ह्यो तुमचा," म्हणाल्या. बाकी सगळं घर स्टीलच्या कपातून चहा प्यायचं. ताटाचंही तसंच. धुतल्यावर निळ्या फुलाचा कप मांडणीत जायचा नाही, खिडकीत पालथा पडायचा. याला आठ महिने झाले होते. कुणी काही सांगितलं नव्हतं, कुणी काही विचारलं नव्हतं.

मांजर आलं त्या दिवशी इंद्रजीत जेवताना ताटाकडं बघत म्हणाला, "आई, हे इथं रुळलं तर ठीक. नाय तर एक तारखेपासून आम्ही चिकलठाण्याला खोली घेतो. कंपनी पण जवळ पडंल."

एकुलतं एक पोरगं. सारजाबाईंनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. "रुळंल की," म्हणाल्या. "न रुळायला काय झालं?" मांजराचा प्रश्न आहे ना, मग मांजराचंच बघू, असं त्यांनी मनाशी धरलं.

आणि ते काम त्यांच्या हातातलं होतं. शाळा दुसरीत सुटली होती, गोठा सुटला नव्हता. नवा बैल आणला की जुन्याच्या अंगाखालचं पोतं त्याच्या अंगावरून फिरवायचं, हे त्या बापाकडून शिकल्या होत्या. त्यांनी कुत्र्यांचं पोतं कोठीत पिल्लाला अंथरलं आणि पिल्लाचं फडकं कुत्र्यांना दिलं. दाराच्या अलीकडं दूध-भाकरी, पलीकडं दूध. दोन्ही भांडी रोज बोटभर दाराकडं सरकवायची.

"आत्याबाई, मोबाईलवर पण असंच सांगितलंय," संध्या म्हणाली होती.

"मोबाईलला कुत्रं चावलंय का कंदी?"

संध्या तोंड फिरवून हसली. सारजाबाईंनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

आता त्यांनी कडी काढली. त्यांचे यजमान काकासाहेब हवालदाराची साखळी धरून अंगणात उभे होते. पिल्लू शेपटी पिंजारून उंबऱ्यावर आलं. हवालदार घशातल्या घशात गुरगुरला.

"ए हवालदार! नोकरीवरून काढीन!"

हवालदार गप बसला. फौजदारानं पिल्लाला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं. आपल्याच पोत्याचा वास. त्यानं जांभई दिली आणि पाय पसरले.

सारजाबाईंनी आतून ॲल्युमिनियमची परात आणली. दुधात भाकरी कुस्करली आणि परात मधोमध ठेवली.

"एकाच भांड्यात?" काकासाहेब म्हणाले. "फाडतील की त्याला!"

"येगळं ताट ठिवलं की येगळेपणा राहतोच," सारजाबाई म्हणाल्या. "एका परातीत खाल्लं की घरचं झालं. तुमाला काय कळतंय त्यातलं?"

मागं उभी असलेली संध्या आत निघून गेली.

परातीत आधी एक तोंड गेलं, मग दुसरं, मग तिसरं. पिल्लू तर पुढचे दोन्ही पाय आत घालूनच उभं राहिलं. सारजाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. लढाई जिंकलेलं माणूस उभं राहतं तशा. मग ही जीत कुणाला तरी दाखवावी म्हणून वळल्या, तर मागं कुणी नव्हतं.

संध्या तिच्या खोलीत होती. पलंगावर बॅग उघडी होती.

"आता कशाला आवराआवर?" सारजाबाई दारातून म्हणाल्या. "रुळलं की मांजर."

"रुळलं, आत्याबाई. सहा दिवसांत परातीत आलं." संध्यानं साडीची घडी बॅगेत ठेवली. "मला आठ महिने झाले."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. चढ्या आवाजात सारजाबाई आजवर कुणाला हार गेल्या नव्हत्या. अंगणातून ॲल्युमिनियमवर जिभा फिरल्याचा खरखर आवाज येत होता. माफी मागणं त्यांना येत नव्हतं. दुसरीपर्यंत ते कुणी शिकवलं नव्हतं, आणि पुढं तशी गरज पडू दिली नव्हती.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर निळ्या फुलाचा कप होता. संध्यानं अर्धा पिऊन ठेवलेला चहा, वर साय धरलेली. त्यांनी तो उचलला. अंगणातून काकासाहेब बघत होते. बघू दे. कप घेऊन त्या परत सुनेच्या दारात आल्या, आणि तिच्यासमोर उभ्या राहून तो गार, उष्टा चहा तळापर्यंत प्यायल्या.

मग पदरानं तोंड पुसलं.

"साखर कमी घालतीस गं," त्या म्हणाल्या. "परत चहा ठेव. दोघींचा."